मिलाकाकू बसल्या

उद्या दुपारी तुमच्या दारात एक अनोळखी माणूस आला, खिशातलं ओळखपत्र अर्धवट बाहेर काढून म्हणाला की पोलिसातून आलोय, आणि त्यानं विचारलं, "इथं कुणी परदेशी बाई राहते का?", तर तुम्ही काय सांगाल? घाई करू नका. आमच्या गल्लीलाही उत्तर सोपंच वाटलं होतं.

मिलाकाकू आमच्या गल्लीतल्या, म्हणजे मी त्यांना जन्मापासून पाहत होते. पण नीट पाहिलं ते एका सरकारी इमारतीत. चौकसभेच्या परवानगीसाठी मी तिथं हेलपाटे घालत होते. त्याच मजल्यावर परदेशी नागरिकांची नोंद ठेवणारी खोली आहे. खोलीबाहेर लांबलचक बाक. बाक पूर्ण रिकामा, आणि त्याच्या शेजारी इरकल नेसलेली, साडेपाच फुटांहून उंच, पांढऱ्या वेणीची म्हातारी बाई ताठ उभी. मी म्हणाले, काकू, बसा की. त्यांनी माझ्याकडं न बघता, खिडकीवरची नजर न हलवता उत्तर दिलं.

"कचेरीत बसायचं न्हाय, पोरी. बसलेल्या माणसाला सरकार विसरतंय."

मी परवानगी घेऊन परत आले तेव्हाही त्या उभ्याच होत्या. मग मीही उभी राहिले. तिथून आमची ओळख सुरू झाली असं मी मानते.

त्यांचं मूळ नाव लुदमिला. सासूबाईंना ते झेपलं नाही, म्हणून अर्धं कापून त्यांनी मिला केलं, आणि तेच राहिलं. गाव युक्रेनमधलं, नीपर नदीच्या काठचं मोठं शहर. डॉक्टर चन्नवीर तिथं वैद्यकीय शिकायला गेले तेव्हा तो सगळा मुलूख सोव्हिएत संघ होता. येताना डॉक्टर पदवी आणि बायको घेऊन आले. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटाटात, दवाखाना उघडला. खाली दवाखाना, वर घर. डॉक्टर लिंगायत, घरात निम्मं कन्नड निम्मं मराठी. समोर राहणारी, दिवसभर उंबऱ्यात बसून विड्या वळणारी नरसम्मा तेलुगू. काकू मराठी शिकल्या ती सासूबाईंकडून आणि नरसम्माकडून. त्यांच्या जिभेला शब्दामधले थ, घ, भ कधी जमले नाहीत. पण आमच्याकडं बऱ्याच जणांना ते जमत नाहीत किंवा लागत नाहीत, त्यामुळं काकूंची बोली कुणाला वेगळी वाटलीच नाही. डोळे तेवढे निळसर राखाडी होते. सोमवारी कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असले की ते डोळे आणखी फिके दिसायचे.

इथं येऊन काही वर्षं झाली आणि मागं त्यांचा देश मोडला. पासपोर्ट हातात, आणि त्यावर छापलेला देश जगात नाही. दिल्लीला पत्रं, तिकडून पत्रं, डॉक्टरांचे स्कूटरवरून हेलपाटे, असं करत करत शेवटी नव्या देशाचा निळा पासपोर्ट आला. त्या काळाबद्दल काकू एवढंच सांगायच्या की डॉक्टर घाबरले होते आणि मी पुऱ्या तळत होते.

आता माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या वडिलांची, अप्पांची, छोटी छपाईची खोली होती. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांची पत्रकं छापायचं त्यांनी थांबवलं नाही. मी वाचायला शिकले ती ओल्या शाईच्या पत्रकांवर. 'उठा', 'जागे व्हा', 'जाब विचारा' हे माझे पहिले शब्द. आमच्या भिंतीवर काकूंच्या जुन्या देशाचा नकाशा होता. त्यामुळं काकूंशी ओळख झाल्यावर मी वहीच घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. तिथं कामगारांचं राज्य कसं होतं, सगळे समान होते का, चूक कुठं झाली, सगळं विचारायचं होतं. काकूंनी माझ्यापुढं लसणाचे गड्डे ठेवले. म्हणाल्या, सोल. शेंगाचटणीला लागणार होता. मी सोलता सोलता प्रश्न विचारत राहिले. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "कॉम्रेड, तितं बी खिडकीच होती. खिडकीमागं मानूस होता. त्यो बी म्हनायचा, उद्या या."

त्यानंतर मी त्यांच्यासाठी कायमची कॉम्रेड झाले. मी तावातावानं बोलायला लागले की विचारायच्या, "झालं का पत्रक वाचून? आता लसून घे."

दवाखान्यातली रांग काकू सांभाळायच्या. शहरातल्या बाकीच्या दवाखान्यांत नंबराचे बिल्ले आले होते. काकूंनी ते कधी येऊ दिले नाहीत. कोण आधी आलं, कोण नंतर, हे त्यांच्या डोक्यात असायचं. दार अर्धं उघडून त्या पूर्ण नावानं हाक मारायच्या, बापाच्या नावासकट. मागावरून थेट आलेला, अंगाला कापसाचा तूस चिकटलेला कामगारसुद्धा ती हाक ऐकून शर्ट सारखा करून आत जायचा. डॉक्टर एकदा गमतीनं म्हणाले होते, निम्मा आजार हिच्या हाकेनंच बरा होतो. काकूंचं म्हणणं साधं होतं: "माझ्या दवाखान्यात नंबर न्हाय. नाव हाय."

डॉक्टर गेले ते उन्हाळ्यात. त्यांचं गाव अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेला लागून. शेतात लिंबाखाली त्यांच्या घराण्याची जागा आहे. लिंगायतांमध्ये माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही पुरत नाहीत. मांडी घालून बसवतात. विभूती लावतात, बेलाची पानं टाकतात, आणि जसा पूजेला बसला होता तसाच त्याला मातीत ठेवतात. मी त्या दिवशी होते. काकू शेवटपर्यंत उभ्या होत्या. माती सारखी झाल्यावर त्यांनी धाकट्या दिराला, बसण्णांना, कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. त्यांनी डॉक्टरांच्या डाव्या अंगाची जागा हातानं दाखवली. काकूंनी मान हलवली.

परतीच्या वाटेवर त्या मला म्हणाल्या, "आमच्याकडं झोपवून पुरत्यात. आईला बगितलं मी. लई एकटी दिसली. मला ह्यांच्या शेजारी बसायचंय."

एवढंच हवं होतं त्यांना. हे सगळं लिहिते आहे ते या एका इच्छेचं काय झालं ते सांगायला.

इतकी वर्षं काकूंचा इथला मुक्काम भारतीय माणसाची बायको म्हणून होता. ठराविक मुदतीनं परवाना वाढवून घ्यायचा, दोघांनी जायचं, दोघांनी सह्या करायच्या. डॉक्टर गेल्यावर पहिल्यांदा काकू माझ्याबरोबर गेल्या. खिडकीमागं कदम नावाचे कारकून होते, चांगला माणूस, काकूंना वर्षानुवर्षं ओळखणारा. त्यांनी सवयीनं कागद चाळले आणि सवयीनंच म्हणाले, मॅडम, मिस्टरांची सही राहिली. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पण कागदावरचा तो रकाना तसाच होता, आणि रिकामा रकाना पुढं सरकत नव्हता. मूलबाळ नव्हतं; आता यांची जबाबदारी कुणावर, असा तो प्रश्न होता. चाळीसेक वर्षं सगळ्या गल्लीला नावानं हाक मारणाऱ्या बाईची जबाबदारी कुणावर.

तेव्हा काकूंनी कदमांना विचारलं, मी मेले तर काय होतं? कदम खरं बोलले, त्याबद्दल मी त्यांना मानते. परदेशी नागरिक वारला तर आधी पोलिसांना कळवायचं. देह सरकारी दवाखान्याच्या शवागारात. मग दिल्लीच्या वकिलातीला पत्र, त्यांची हरकत नसल्याचं उत्तर, आणि ते आल्यावर अंत्यविधी. उत्तराला किती दिवस लागतात, हे कदमांना सांगता येईना. तिकडं युद्ध चालू होतं. वकिलातीचा फोनही नीट लागत नव्हता.

काकू डॉक्टरांच्या बायको. देह किती वेळात ताठतो, शवागारात तो कसा ठेवतात, हे त्यांना कुणी समजवायला नको होतं. चार तास गेले की माणसाला बसवता येत नाही. इथं तर गोष्ट दिवसांची होती. त्या पायऱ्या उतरल्या. गेटबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे मला झोपवनार. आनि निजवूनच मातीत देनार."

असा तो अर्ज सुरू झाला. भारतीय व्हायचा अर्ज. चाळीस वर्षांत त्यांनी तो केला नव्हता, कारण त्यात एक अट होती: इथलं नागरिकत्व मंजूर झालं की तिकडचं सोडायचं, निळा पासपोर्ट परत करायचा. डॉक्टर म्हणायचे, तुझं ते तुझ्याकडं असू दे, कधी जावंसं वाटलं तर कुणाला विचारायला नको. त्या नदीकाठच्या शहरात काकूंची धाकटी बहीण होती, ओक्साना. आईच्याच घरात राहायची. युद्ध सुरू झाल्यावर काकू रोज दुपारी तिच्या घरच्या फोनवर फोन लावायच्या. सुरुवातीला बहीण उचलायची. एकदा मी समोर असताना काकूंनी तिला पासपोर्टचं विचारलं. बराच वेळ ऐकून फोन ठेवला. मला सांगितलं की ती म्हणते, दे परत, यायला इथं काही उरलं नाही.

नंतर बहीण उचलेनाशी झाली. काकू तरीही दुपारी फोन लावायच्या. मागाची वीज गेलेली असली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि त्या शांततेत पलीकडची घंटी मलाही ऐकू यायची. बराच वेळ वाजायची. काकू डोळे मिटून ऐकायच्या, शेवटपर्यंत, आणि मग फोन ठेवायच्या. मी एकदा म्हणाले, काकू, कुणी उचलत नाही तर कशाला लावता. त्यांनी माझ्याकडं जरा दयेनंच पाहिलं.

"वाजतंय न्हव? वाजतंय म्हंजे घर हाय."

अर्जाला दोन नागरिकांचं प्रतिज्ञापत्र लागतं. आम्ही यांना ओळखतो, या चांगल्या वर्तनाच्या आहेत, असं. एक माझं. दुसऱ्यासाठी काकू डॉक्टरांच्या एका जुन्या मित्राकडं गेल्या. हा गृहस्थ दर सणाला त्यांच्याकडं जेवायला असायचा. त्यानं चहा दिला, डॉक्टरांच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले, आणि म्हणाला की सध्या दिवस बरे नाहीत वहिनी, परदेशी भानगडीत नाव नको. भानगड हा शब्द त्यानं काकूंच्या तोंडावर वापरला. मी उठून त्याला चार शब्द सुनावणार होते. काकूंनी माझं मनगट धरलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या की त्याला गोडाचं लई आवडायचं, तेवढं लक्षात ठेवू.

शेवटी सलीमनं सही केली. डॉक्टरांच्या हाताखाली शिकलेला, आता त्याच दवाखान्यात बसणारा डॉ. सलीम. त्याच्या घरच्यांनी त्याला बजावलं होतं की असल्या कागदावर तू तरी नाव घालू नकोस. तू तरी, याचा अर्थ सोलापुरात कुणालाही समजतो. त्यानं दुपारचे पेशंट थांबवले, माझ्याबरोबर आला आणि सही केली. फक्त एवढंच म्हणाला, "अम्मीको मत बोलना."

मग आम्ही वाट पाहत राहिलो. अर्ज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. आणि एक दिवस काकूंच्या मोबाईलवर निरोप आला की अर्ज बंद करण्यात आला आहे.

मी तावातावानं कदमांकडं गेले. काकू आल्या आणि नेहमीच्या जागी उभ्या राहिल्या. कदमांनी कागद काढला. स्थानिक चौकशीचा अहवाल होता. अर्जदाराच्या पत्त्यावर जाऊन शेजाऱ्यांकडं विचारपूस केली असता सदर पत्त्यावर अथवा परिसरात कोणीही परदेशी महिला राहत नसल्याचे आढळून आले. खाली सही, शिक्का.

डॉक्टरांच्या वर्षश्राद्धाला काकू गावाला गेल्या होत्या, त्याच दिवशी तो माणूस येऊन गेला होता. साध्या कपड्यात. आमच्या गल्लीत साध्या कपड्यातला पोलीस वर्दीतल्यापेक्षा लवकर ओळखू येतो. त्यानं नरसम्माला विचारलं. मग शिंप्याला, मग कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. बाहेरून आलेल्यांना शोधून उचलतात, कुठंतरी नेऊन ठेवतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. एवढं पुरे होतं.

मी गल्लीत परतले ती नरसम्मावर ओरडायलाच. काकूंच्या वर्षभराच्या धावपळीवर तिनं एका शब्दात पाणी ओतलं होतं. नरसम्मानं मांडीवरचं विड्यांचं सूप बाजूला ठेवलं नाही, बोटं थांबवली नाहीत. पान कापलं, तंबाखू भरली, दोरा बांधला.

"मी खोटं कुटं बोलले?" ती म्हणाली. "त्यो इचारला, परदेशी बाई हाय का. मी म्हनले, न्हाय. आता तूच सांग की, हाय का हितं कोन परदेशी बाई? डॉक्टरीणबाई हायत."

मागोमाग काकूही आल्या होत्या. मी काकूंकडं पाहिलं. मला वाटलं होतं त्या कोसळतील. त्यांनी अहवालाची प्रत माझ्या हातातून घेतली आणि परत माझ्याकडंच देऊन म्हणाल्या, ती ओळ वाच. मी वाचली. म्हणाल्या, परत वाच. कोणीही परदेशी महिला राहत नसल्याचे आढळून आले. मी दोनदा तीनदा वाचली. काकू उंबऱ्यात नरसम्माशेजारी खाली बसल्या आणि विड्या वळणाऱ्या त्या हातावर आपला हात ठेवला. विडी सुटली, तंबाखू सांडली. नरसम्मा तेलुगूत पुटपुटली. काकू रडत होत्या की हसत होत्या हे मला आजही सांगता येणार नाही.

वर गेल्यावर त्यांनी ती प्रत डॉक्टरांच्या फोटोखाली चिकटवली. "ह्ये खरं सर्टिफिकेट," म्हणाल्या. "सही हाय, शिक्का हाय. आता खोट्यासाठी परत अर्ज कर, कॉम्रेड."

परत अर्ज केला. पुन्हा मी, पुन्हा सलीम. काकू पुन्हा उभ्या. पण आता त्या बाकाच्या पाठीला हात टेकून उभ्या राहायच्या. एकदा बोलताना माझं नाव विसरल्या. त्या काळात त्या झोपेत त्यांच्या भाषेत बोलायच्या, असं सोबतीला वर झोपणारी नरसम्मा सांगायची. काय बोलतात ते कळत नाही, पण कुणीतरी उत्तर देत असल्यासारखं मध्ये थांबतात, म्हणायची. तिला त्याची भीती वाटायची. पण झोपायला जायची तिनं कधी टाळलं नाही.

त्या गेल्या त्या सकाळी नरसम्मा पाणी भरायला खाली उतरली होती. वर आली तर काकू बिछान्यात होत्या, अंग अजून ऊन होतं. नरसम्मानं टाहो फोडला नाही. खिडकीतून शेजारच्या दोन बायकांना हाक मारली. तिघींनी मिळून काकूंना उचललं, भिंतीला पाठ लावून बसवलं, मांडी घातली, आणि चादर छातीवरून घेऊन खिडकीच्या गजांना बांधली. आमच्या इथली जाड चादर. मग मला बोलावलं.

मी दारात आले तेव्हा काकू बसल्या होत्या. जिना चढून आलेल्या माणसाला बघावं तसं त्यांचं तोंड दाराकडं होतं. मला आधी वाटलं निरोप चुकीचा होता.

"आदी बसवलं," नरसम्मा म्हणाली. "आता कुनाला सांगायचं त्ये सांग."

कुणाला सांगायचं हे मला माहीत होतं. कदमांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. त्यांना एक फोन केला असता तर त्यांनी नियमाप्रमाणं पुढं कळवलं असतं, गाडी आली असती, चादर सोडून काकूंना आडवं केलं असतं. मी फोन केला सलीमला आणि बसण्णांना. सलीम आला, नाडी बघितली, मृत्यूचा दाखला लिहिला. त्यात नाव, वय, पत्ता, कारण असतं. कुठल्या देशाची, असा रकाना त्यात नसतो. पोलिसांना कळवलं नाही, हे मी माझ्या जबाबदारीवर लिहून देते आहे. ज्याला चौकशी करायची असेल त्यानं माझ्यापासून सुरुवात करावी, नरसम्मापर्यंत जाऊ नये.

बसण्णा जीप घेऊन आले. काकूंना मागच्या सीटवर बसवलं, एका बाजूला नरसम्मा, दुसऱ्या बाजूला मी. इरकलीचा पदर डोक्यावरून. गाडी वळली की त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. शहराबाहेर पडताना सिग्नलला गाडी थांबली. वाहतुकीच्या पोलिसानं काचेतून आत पाहिलं. तीन बायका. त्यानं हातानं पुढं जायची खूण केली. सरकारी माणसासमोर मिलाकाकू पहिल्यांदाच बसून राहिल्या होत्या.

लिंबाखाली डॉक्टरांच्या डाव्या अंगाला खड्डा तयार होता. गावच्या स्वामींनी विचारलं नाही की या कुठल्या. विभूती लावली, बेल टाकला. नरसम्मा खाली उतरून पदर सारखा करत होती, तिला बराच वेळ लागला. मग माती.

पुढचं सांगते. काकूंचा मोबाईल माझ्याकडं आहे. महिन्याभरातच त्यावर निरोप यायला लागले: आपल्या वास्तव्याची मुदत संपली आहे, तात्काळ हजर व्हा. महापालिकेच्या लेखी त्या वारल्या. चौकशीच्या अहवालाप्रमाणं त्या इथं कधी राहतच नव्हत्या. आणि परवान्याच्या यंत्रणेत त्या जिवंत आहेत, मुदत संपूनही सोलापुरात मुक्काम ठोकून आहेत. मृत्यूचा दाखला घेऊन मी कदमांकडं गेले. ते उठून उभे राहिले. वेळेवर का कळवलं नाही, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, फाईल बंद करायची तर पासपोर्ट जमा करावा लागेल.

मी काकूंची पेटी रिकामी केली, कपाट शोधलं, दवाखान्यातले खण काढले. शेवटी नरसम्माला विचारलं. ती पान कापत होती.

"त्ये निळं पुस्तक? मांडीवर ठेवलं की तिच्या, पदराखाली." कात्री थांबली. "लांबचं गाव हाय तिचं. वाटंत कुनी अडवलं तर?"

त्यामुळं ती फाईल बंद होणार नाही. निरोप येत राहतात. मी तो फोन बंद पडू देत नाही. मागाची वीज गेली, गल्ली गप्प झाली की मी त्यावरून तो नदीकाठचा नंबर लावते. अजून वाजतो.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या अर्जाची चौकशी आली. नवीन माणूस, तरुण, घामानं निथळलेला. काकूंच्या दाराला कुलूप होतं म्हणून नरसम्माच्या उंबऱ्यापाशी थांबला. मी तिथंच बसले होते. त्यानं विचारलं, इथं कुणी परदेशी बाई राहते का? नरसम्मानं माझ्याकडं पाहिलं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले आहे की जाब विचारा. त्या दिवशी मला विचारला होता. हो म्हणावं तर ते खोटं होतं, आणि नाही म्हणावं तर तेही. मी त्याला आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं, आणि तुम्हाला सांगितलं ते सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग पेनचं टोपण काढून म्हणाला, मग ताई, मी लिहू काय?

ते मला सुचलं नाही. पण तुमच्याकडं अजून वेळ आहे, म्हणून एक मागणं मागते. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत असं एखादं माणूस नक्की आहे, वर्षानुवर्षं तुमचंच असलेलं आणि कागदावर कुणाचंच नसलेलं. त्याच्या अर्जावर दोन सह्या लागतात, आणि त्या मागायला त्याला लाज वाटते आहे. त्यानं मागायची वाट बघू नका. आज त्याच्या घरी जा. दारात उभ्या उभ्या बोलू नका. आत जा, त्याच्या शेजारी बसा, आणि विचारा, सही कुठं करू.